दारात दिलेलं उत्तर

बेल वाजली तेव्हा पवित्राच्या एका पायात चप्पल होती आणि तोंडात चपातीचा घास. कंपनीची बस आठला कोपऱ्यावर येते आणि आठ वाजून एक मिनिटानं बोम्मसंद्र्याच्या कारखान्याच्या वाटेला लागते. आजवर ती कुणासाठी थांबल्याचं ऐकिवात नाही. दारात सरकारी शाळेतली एक शिक्षिका उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात मतदारयादीचे कागद आणि तीन मजले चढून आल्याचा घाम. शाळा भरायच्या आत घरोघर फिरून यादी पडताळायची, हे काम तिच्या गळ्यात मारलेलं होतं.

"बसवंत?" तिनं कन्नडमध्ये विचारलं.

"माझा नवरा. आहेत, कामावर गेलेत."

"पवित्रा?"

"मीच."

"हौसाबाई. वडील रामू."

पवित्रानं दुसरी चप्पल चढवली. घड्याळात सात चोपन्न. या भाड्याच्या घरात येऊन सहा वर्षं झाली तरी आधीच्या भाडेकरूंची पत्रं अजून येत होती. कुणाचं विम्याचं, कुणाचं लग्नाचं. "इल्ला, मेडम," ती म्हणाली. "असं कुणी राहत नाही इथं. आधीचे लोक असतील."

"नक्की ना? खूण करते मग."

"नक्की."

शिक्षिकेनं खूण केली, "सरी" म्हणाली आणि पुढचं दार वाजवायला गेली. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा लागलं नाही. पवित्राला बस मिळाली, खिडकीची जागाही मिळाली.

आणि हौसाबाई त्या वेळी आत न्हाणीघरात अंगावर पाणी घेत होती.

हौसाबाई म्हणजे पवित्राची सासू. आता सुनेला सासूचं नाव ठाऊक नसावं, हे परक्याला सांगितलं तर तो हसेल. हसू दे. आपल्या लोकांत असं घरोघर आहे. निपाणीजवळच्या एका खेड्यात पन्नासएक वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं, ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं 'महानंदा' असं लिहिलं, आणि तेव्हापासून रेशनकार्डावर महानंदा, बँकेत महानंदा, आधारवर महानंदा. मुलाला ती आई, शेजारच्यांना अज्जी, सुनेला आत्याबाई. बारा वर्षं पवित्रानं तिच्या हाताखाली भाकरी थापली, तिची पथ्यं सांभाळली, तिच्याशी पोटभर भांडण केलं. पण माहेरचं नाव विचारायचा प्रसंग काही आला नाही. पवित्राच्या स्वतःच्या लग्नात ते ताट-तांदूळ घरच्यांनीच टाळलं होतं, कंपनीच्या कागदांची कटकट नको म्हणून.

तीन आठवड्यांनी कच्ची यादी लागली. रविवारची सकाळ. बसवंत कोरमंगलातल्या एका मोठ्या इमारतीत वीज-पाण्याची देखभाल बघतो. सुट्टीच्या दिवशीही त्याला काहीतरी तपासल्याशिवाय चैन पडत नाही. त्या दिवशी तो मोबाइलवर यादी तपासत बसला आणि एकदम ओरडला, "आईचं नाव उडालंय!"

"कुठलं नाव?" पवित्रानं स्वयंपाकघरातून विचारलं.

"हौसाबाई. आई त्याच नावानं मत देती. तुला ठाऊक न्हाई?"

कढईतली फोडणी करपली. नसणारच तिला ठाऊक. मतदानाच्या दिवशी कारखान्याला भरपगारी सुट्टी असते, आणि ती सुट्टी पवित्रा दुपारपर्यंत झोपून सत्कारणी लावायची. निवडणूक चांगली, कारण सुट्टी मिळते. एवढंच तिचं राजकारण. आईला घेऊन बसवंत सकाळी कुठं जातो, कुठल्या नावावर बोट ठेवतो, हे तिनं पाहिलेलंच नव्हतं.

"ती मास्तरीण!" बसवंत उठून उभा राहिला. "घरी यायचं न्हाई, शाळंत बसून खुणा करायच्या. सोडत न्हाई आता. तू होतीस का गं घरात कधी? आलं होतं का कोण?"

"मला काय ठाऊक? मी कामावर असते."

पहिलं उत्तर घाईतलं होतं. त्यात पाप असेल तर बसचं वेळापत्रक तरी निम्म्याचं वाटेकरी. हे दुसरं मात्र पवित्रानं चांगला विचार करून दिलं होतं, आणि तेच तिला खायला लागलं. बसवंतानं तिथंच बसून कन्नडमध्ये पानभर तक्रार लिहिली आणि सोमवारी वॉर्ड ऑफिसात नेऊन दिली.

पवित्राचं चित्त कशात लागेना. काहीतरी करून हे प्रकरण लवकर मिटायला हवं होतं. संध्याकाळी कामावरून आली तेव्हा सासू गॅलरीत परातीत अवरेकाळू, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसली होती. पवित्रा समोर बसली, दोन शेंगा सोलल्या, तीन दाणे खाली सांडले.

"आत्याबाई, एक सोपं काम आहे. नवा अर्ज भरू. महानंदा नावानं. आधार आहे, फोटो आहे, मोबाइलवरच होतंय. तक्रार नको, हेलपाटे नकोत."

"नगं."

"का नको? मत ते मतच की. कुठल्याबी नावानं दिलं तरी यंत्राला काय कळतंय?"

"यंत्राला न्हाई कळत. मला कळतंय."

म्हातारी इतकंच बोलून गप्प झाली असती तर बरं झालं असतं. पण ती शेंगा सोलता सोलता बोलत राहिली, आणि पवित्रा जागची उठू शकली नाही.

"माझी आई गंगूबाई. तिला एकवीस सरली आन् पैल्या निवडणुकीची यादी करायला गावचा मास्तर दारात आला. दारात हुबा माझा आज्जा. आई दाराआड. मास्तरनं इचारलं, घरात बायका कोण कोण? आता सासऱ्याम्होरं सून सोताचं नाव घेती व्हय? आज्जा म्हणाला, लिवा, आमच्या रामूची बायकू. मास्तरनं तसंच लिवलं. मग वरनं हुकूम आला, अमक्याची बायकू, तमक्याची आई, असली नावं चालायची न्हाईत. गाळली सगळी."

"मग?"

"मग काय? मतादिवशी नवं लुगडं नेसून शाळंम्होरं उबारली. तंबाखूच्या वखारीतल्या बाया संगं होत्या. त्येंची नावं सापडली, हिचं न्हाई. त्या बाया शाईचं बोट दाखवत गावातनं फिरल्या, आन् ही आठ दिस हात पदराखाली धरून हिंडली."

पवित्राच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पाच वर्सांनी परत यादी निघाली, तवा कुणाची वाट बघितली न्हाई तिनं. उठली, चावडीवर गेली. तलाठी बसलेला, चार म्हातारी माणसं बसलेली, त्यात आज्जाबी. मोठ्यांदी बोलली, गंगूबाई. तलाठ्याला ऐकू गेलं न्हाई म्हून परत बोलली. तीनदा. आज्जानं दोन दिस तिच्या हातचं खाल्लं न्हाई. नगं खाऊ म्हणाली. तिसऱ्या दिशी भूक लागली, खाल्लं." म्हातारी हसली. "माझ्या लग्नात तांदळात नवं नाव लिवलं, तवा ती कानात बोलली. ताटातलं नाव त्येंचं. यादीतलं तुझं, त्ये बदलू नगंस. म्हून मी सासरच्या गावातबी हौसाबाईच लिवलं, बापाच्या नावानं. तुझा सासरा लई चिडला. पर घेऊन गेला मला मताला."

"पण पहिल्या वेळी कुणी भांडलं कसं नाही?"

"कुणासंगं भांडायचं? गाळलं कुणी ह्येच ठाव न्हाई. मास्तर म्हणतो मी न्हाई, तलाठी म्हणतो मी न्हाई. आज्जा तर म्हणायचा, बायकांनीच नाव सांगितलं न्हाई. शेवटाला त्येच खरं झालं." तिनं परात उचलली. "दारात कोण बोललं, त्ये कुणी लिवूनच ठेवलं न्हाई बघ."

त्या सगळ्या गोष्टीतून पवित्राच्या मनात रुतून बसला तो दारातला म्हातारा. घरातलीच एक बाई आत आहे, आणि दारात उभं राहून तिच्याबद्दल भलतंच उत्तर देणारं माणूसही घरातलंच. तो म्हातारा कुठं अडाणी होता, जुन्या काळातला होता. पवित्रा तर डिप्लोमा केलेली बाई.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं मोबाइल काढला. सासू रंगवून सांगत असेल, अशी एक लबाड आशा होती. पण ते सगळं तिथं होतंच. पहिल्या निवडणुकीच्या यादीतून अठ्ठावीस लाखांच्या आसपास बायकांची नावं गेली होती, कारण स्वतःच्या नावाऐवजी कुणाची तरी बायको, कुणाची तरी मुलगी, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. बहुतेक उत्तरेकडच्या. आपल्याकडं कमी असतील. पण कमी म्हणजे कुणीच नाही असं नव्हे. आणि तिथंही तसंच लिहिलेलं होतं, बायकांनी नावं सांगितली नाहीत. दारात कोण उभं होतं, याबद्दल अक्षर नाही.

शाळेत तिनं हा धडा दोन मार्कांसाठी पाठ केला होता. भारतात सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला. मिळाला, म्हणजे देवळात ओंजळ पुढं केली आणि प्रसाद मिळाला, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. आपल्या नवऱ्याची आजी त्यासाठी चावडीवर तीनदा ओरडली आणि दोन दिवस सासऱ्याचा रुसवा सोसला, हे पुस्तकात कुठं होतं? असतं तर मतदानाच्या दिवशी ती दुपारपर्यंत लोळत पडली असती का? कदाचित पडली असती. पण मग निदान झोप तरी नीट लागली नसती.

जेवणानंतर ती परत तपासणीच्या टेबलाशी उभी राहिली. तिचं काम गाड्यांचे प्लास्टिकचे भाग पारखायचं. ओरखडा असेल, कड वाकडी असेल, तर लाल चिठ्ठी बांधायची आणि चिठ्ठीवर आपली सही करायची. सही नसलेली लाल चिठ्ठी चालत नाही. नापास कुणी केलं ते कळायलाच हवं. त्या दुपारी तिनं सहा चिठ्ठ्या लिहिल्या आणि दर सहीला हात अडखळला. हातभर प्लास्टिक बाद करायचं तर तिची सही लागते. जिवंत माणूस बाद करताना कुणी मागितली नव्हती.

पुढच्या आठवड्यात बुधवारी बसमधून उतरली तर कोपऱ्यावर तीच शिक्षिका. पवित्रानं मान खाली घातली, पण चोराच्या मनात चांदणं. बाईनं तिला लांबूनच ओळखलं आणि जवळजवळ धावत आली.

"मेडम, बरं झालं भेटलात. तुमच्या घरून माझ्यावर तक्रार गेलीय, मी घरी आलेच नाही म्हणून. शाळेत नोटीस आली. पण मी आले होते ना? तुम्हीच होता दारात. तुम्ही चप्पल घालत होता."

"हं... हो."

"मग शुक्रवारी सुनावणीला स्वल्प सांगाल ना तेवढं? माझी बढती अडकेल हो."

तिच्या बोलण्यात राग असता तर पवित्राला सोपं गेलं असतं. तिच्या डोळ्यांत नुसती आशा होती. "सांगते," असं पुटपुटून पवित्रा सटकली, आणि तीन मजले एका दमात चढून गेली.

त्या संध्याकाळी तिनं दोनदा तोंड उघडलं. एकदा बसवंत जेवत होता. जेवताना नको म्हणून गिळलं. दुसऱ्यांदा तो तक्रारीची झेरॉक्स पिशवीत घालत होता आणि म्हणत होता, "बघच तू, कशी सरळ करतो त्या बाईला." गुरुवारी सकाळी डब्यात भाजी घालायची राहिली. संध्याकाळी दूध उतू गेलं. सासू नुसती बघत होती. "पवित्रा, काय हुतंय गं तुला?" तिनं विचारलं. "काय नाही, कामाचा ताण," हिनं सांगितलं, आणि खोटं बोलायला आपण किती चटकन शिकलो याचा तिला स्वतःलाच राग आला.

शुक्रवारी तिनं अर्धा दिवस रजा टाकली. वॉर्ड ऑफिसातली खोली लहान, पंखा जुना, बाकावर दहाबारा माणसं. टेबलामागं नागराज नावाचे अधिकारी, निवृत्तीला टेकलेले, आवाज मऊ. एका कोपऱ्यात ती शिक्षिका पर्स छातीशी धरून उभी. पवित्रा आत आली तसा तिचा चेहरा उजळला. पवित्रानं नजर पंख्याकडं वळवली.

नागराजांनी कागद चाळले. "अज्जी, दोन रस्ते आहेत," ते कन्नडमध्ये म्हणाले. "महानंदा नावानं नवा अर्ज द्या, मी आत्ता घेतो. हौसाबाईच पाहिजे असेल तर नाव का गेलं ते मला नोंदवावं लागेल. मुलगा म्हणतो शिक्षिका आल्याच नाहीत. शिक्षिका म्हणतात, घरातल्यांनीच सांगितलं अशी बाई नाही."

"खोटं आहे, सर!" बसवंत उसळला. "माझ्या घरातलं माणूस असं सांगेल? माझ्या आईबद्दल? ह्या बाईंनी घरचा उंबरासुद्धा बघितला नाही!"

"मेडम होत्या दारात," शिक्षिका म्हणाली. "विचारा त्यांना."

सगळ्यांनी पवित्राकडं बघितलं. बाकावरच्या ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनीसुद्धा. अजूनही एक शब्द पुरेसा होता. आठवत नाही, म्हटलं असतं तरी चाललं असतं. शिक्षिकेची बढती राहिली असती, सासूचं नाव महानंदा होऊन आलं असतं, आणि दारात कोण बोललं ते याही खेपेला कुठं लिहिलं गेलं नसतं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "ह्या आल्या होत्या. मला बस गाठायची होती. मी म्हणाले, हौसाबाई म्हणून इथं कुणी राहत नाही. नाव ठाऊकच नव्हतं मला. नंतर कळलं, तरी मी गप्प बसले."

बसवंतानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू हिला पहिल्यांदाच बघतोय. शिक्षिका भिंतीला टेकली. पवित्राला सासूकडं बघायचं धाडस झालं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याची तिला लाज वाटत होती.

नागराजांनी चष्मा काढून पुसला. जग पाहिलेला माणूस. सासू-सुनेच्या मध्ये आपला कागद यावा असं त्यांना वाटत नव्हतं. "सरी. होतं असं," ते म्हणाले. "तक्रार मागं घ्या, मी लिहितो, माहितीच्या गोंधळामुळे नाव वगळलं गेलं. कुणाचं नाव घालत नाही. घरातली गोष्ट घरात राहू दे. काय अज्जी?"

म्हातारीला कन्नड सगळं कळत होतं. ती खुर्चीत पुढं सरकली.

"गोंधळ कुणाचा?" तिनं कन्नडमध्येच विचारलं.

"ते कशाला आता..."

"न्हाई साहेब. माझ्या आईच्या टायमाला असंच लिवलं हुतं. कुणाचंच नाव न्हाई, नुसता गोंधळ. सत्तर वर्सं झाली, अजून लोक म्हणत्यात बायकांनीच नाव सांगितलं न्हाई. आता परत तसलं लिवू नगा. कोण बोललं, काय बोललं, त्ये लिवा. तिचं नाव घालून लिवा."

"आई!" बसवंत म्हणाला.

"तू गप. त्या मास्तरणीची आदी माफी माग."

पवित्राला वाटलं होतं, सासू एक तर रागावेल नाहीतर पोटात घालेल. ही तिसरी गोष्ट तिच्या हिशेबात नव्हती. अपमानानं तिचे कान तापले. आणि तरीही, गेले बारा दिवस छातीत जे फडफडत होतं ते एकाएकी थांबलं.

"द्या कागद," ती म्हणाली. "मीच लिहिते."

तिनं टेबलाच्या कडेला उभ्याउभ्या कन्नडमध्ये लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली, तारीख घातली. नागराजांनी शिक्का उचलला, तशी म्हातारीनं हात आडवा धरला.

"थांबा. आदी हिला वाचून दाखवू दे मला. आपल्या भाषेत."

पवित्रानं कागद दोन्ही हातांनी धरला.

"मी, पवित्रा बसवंत, लिहून देते की यादी तपासायला बाई दारात आल्या तेव्हा हौसाबाई या नावाची बाई या घरात राहत नाही, असं मी सांगितलं. ते चूक होतं. हौसाबाई याच घरात राहते."

"शेवटचं परत वाच," सासू म्हणाली. "मोठ्यांदी."

"हौसाबाई याच घरात राहते."

"आणि एकदा."

पवित्रा वाचू लागली, पण मधेच तिचा आवाज फुटला. बाकावरच्या लोकांना मराठी कळत नव्हतं, तरी सगळे ऐकत होते. तिनं कागद खाली ठेवला, सासूकडं सरळ बघितलं आणि न वाचताच म्हणाली, "हौसाबाई याच घरात राहते."

म्हातारीनं हात मागं घेतला. "मारा शिक्का," ती साहेबांना म्हणाली.